गोव्याची टाळेबंदी : लोक नेमके कशावर चिडले होते?

२२ मार्च २०२० चा रविवार गोव्यात जिल्हा पंचायतींच्या मतदानासाठी ठरलेला होता. त्याच दिवशी देशभर जनता संचारबंदी पाळायची असल्यामुळे मतदान दोन दिवस पुढे ढकलले गेले, मग बेमुदत लांबले आणि शेवटी १२ डिसेंबरला पार पडले. त्या रविवारी संध्याकाळी थाळ्या वाजवून लोक घरात शिरतात न शिरतात तोच मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत यांनी गोव्यापुरती ही संचारबंदी आणखी तीन दिवस वाढवली. ती मुदत सरण्याआधीच, २४ तारखेच्या मध्यरात्रीपासून, सगळ्या देशाला एकवीस दिवसांची टाळेबंदी लागू झाली. एका दिवसाच्या बेताने भाजी आणि दूध आणून ठेवलेल्या घरांना शनिवारी उघडे पाहिलेले दुकान पुन्हा कधी उघडेल हे आठवडाभर समजले नाही.

इतर राज्यांत टाळेबंदी म्हणजे किराणा, दूध आणि औषधे सोडून बाकी सारे बंद, असा साधारण अर्थ होता. गोव्यात पहिल्या काही दिवसांत किराणा दुकानेही बंद राहिली. पंचायती आणि स्वयंसेवकांमार्फत सामान घरपोच मिळेल असे सांगण्यात आले, परंतु १९१ ग्रामपंचायतींच्या राज्यात ती व्यवस्था एका रात्रीत उभी राहणे शक्यच नव्हते. केंद्रीय राखीव पोलीस दल रस्त्यावर आले, सामान आणायला निघालेल्यांना काठ्या बसल्याच्या तक्रारी आल्या आणि आदेश दिवसागणिक बदलू लागले. अखेर दुकाने उघडण्याची परवानगी मिळाली. आमच्या डिचोलीतल्या वाड्यावरचा भुसारी दुकानदार त्या मधल्या दिवसांत शटर गुडघाभर वर करून आतून तांदळाची पिशवी सरकवत असे, आणि आम्ही बाहेर उकिडवे बसून हातानेच चिल्लर मोजून देत असू. ज्या माणसाशी तीस वर्षे रोज बोलणे होते, त्याचा फक्त हात दिसायचा. पहाटे घरोघरी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगाही ऐकू येत नसे, आणि पावाशिवाय सकाळ कशी उजाडते हे माझ्या पिढीला पहिल्यांदा कळले.

त्या काळाविषयी आज बोलताना ‘लोकांना निर्बंध नको होते’ असे सरसकट म्हटले जाते. गोव्यापुरते तरी ते खरे नाही, असे मला वाटते. २०२० मध्ये निर्बंध जाचक आहेत म्हणून जे चिडले, तेच लोक २०२१ च्या एप्रिल महिन्यात निर्बंध लागत नाहीत म्हणून चिडले होते, आणि मेमध्ये तर काही गावांनी सरकारची वाट न पाहता आपणहून बाजार बंद केले. तेव्हा राग कडकपणावर नव्हता. कडकपणा चुकीच्या वेळी आला, सर्वांवर सारखा पडला नाही आणि तो का व किती दिवस, हे नीट सांगितले गेले नाही, यावर तो होता. हे समजण्यासाठी टाळेबंदी मुळात कशी काम करते, तिला कायद्याचा आधार कोणता आणि गोव्याचे पोट कशावर चालते, या तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

आधी साथीचे गणित पाहू. एका संसर्गित माणसापासून सरासरी किती जणांना लागण होते, यावर साथीचा वेग ठरतो. ती संख्या एकाहून जास्त असेल तर रुग्ण वाढत जातात आणि एकाहून कमी झाली तर साथ ओसरू लागते. समजा, एखाद्या तालुक्यात आज शंभर रुग्ण आहेत आणि दर पाच दिवसांनी ते दुप्पट होत आहेत. दहा दिवसांनी ते चारशे होतील, वीस दिवसांनी सोळाशे आणि तीस दिवसांनी सहा हजार चारशे. टाळेबंदी माणसांना एकमेकांपासून दूर ठेवून ही दुपटीची साखळी मोडते. मात्र ती चारशेवर मोडली की सोळाशेवर, यात अतोनात फरक पडतो, कारण ओसरण्याचा वेग दोन्हीकडे सारखा धरला तरी दुसऱ्या वेळी रुग्णसंख्या चौपट उंचावरून खाली यायची असते. त्यामुळे उशिरा लावलेली टाळेबंदी जास्त दिवस चालवावी लागते आणि तिच्या काळात माणसेही जास्त दगावतात.

यात आणखी एक गुंता आहे. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला साधारण पाच दिवस लागतात, आणि ज्यांची प्रकृती ढासळते त्यांना रुग्णालयात न्यावे लागेपर्यंत बहुधा आणखी आठवडा जातो. म्हणजे आज बाजार बंद केला, तर खाटांवरचा ताण कमी झालेला दिसायला दोन आठवडे लागतात. या मधल्या काळात लोक घरी बसलेले असतात, कमाई थांबलेली असते आणि रोजचे आकडे मात्र वाढतच असतात. ‘बंद करूनही काही उपयोग नाही’ अशी भावना नेमकी याच दिवसांत बळावते. उलट टाळेबंदी अगदी वेळेवर लागली, तर रुग्ण मुळात वाढतच नाहीत आणि मग ‘रुग्णच नव्हते, तर बंद कशाला केले?’ असा प्रश्न येतो. टळलेले संकट डोळ्यांना दिसत नाही, बुडालेला रोज मात्र दिसतो. साथ आवरणाऱ्या कोणत्याही सरकारची ही खरी अडचण आहे, आणि ती मान्य केल्याशिवाय गोवा सरकारवर टीका करणे न्याय्य होणार नाही.

गोव्यात २०२० साली हेच घडले. २५ मार्चला परदेशातून आलेले पहिले तीन रुग्ण सापडले, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ही संख्या सातवर गेली आणि तिथेच थांबली. १९ एप्रिलला सातवा रुग्ण बरा झाला. मे महिन्याच्या सुरुवातीला केंद्राने जिल्ह्यांची रंगवार वर्गवारी केली, तेव्हा उत्तर आणि दक्षिण गोवा हे दोन्ही जिल्हे हिरव्या रंगात होते. ‘गोवा कोरोनामुक्त’ असे मथळे आले, सरकारने त्याचे श्रेय घेतले आणि लोकांनीही, उपासमार सोसली पण सुटलो, अशी स्वतःची समजूत घातली. मेच्या मध्यास बाहेरून येणाऱ्यांमध्ये पुन्हा रुग्ण आढळू लागले. जूनच्या आरंभी वास्कोतील मांगोर हिल हा दाट वस्तीचा डोंगर प्रतिबंधित क्षेत्र झाला आणि २२ जूनला सत्तरीतील मोर्ले येथील एका वृद्धाच्या मृत्यूने राज्यातील पहिल्या बळीची नोंद झाली. त्यानंतर दहाच दिवसांनी, २ जुलैला, देशांतर्गत पर्यटकांसाठी सुमारे अडीचशे हॉटेले उघडली, आणि १७ ते १९ जुलै असे तीन दिवस पुन्हा टाळेबंदी लागली. सोबत १० ऑगस्टपर्यंत रात्री आठ ते सकाळी सहा अशी जनता संचारबंदी. सात रुग्ण असताना दूध मिळत नव्हते आणि रुग्ण हजारांवर गेले तेव्हा पर्यटक येऊ लागले. हा क्रम सामान्य माणसाला उलटा वाटला, तर त्यात त्याची चूक काय? मार्चमध्ये चाचण्या कमी होत्या, रोगाची पुरेशी ओळख नव्हती, रुग्णालये तयार नव्हती आणि ती तयार करायला वेळ हवा होता, हे यामागचे खरे कारण. ते स्पष्ट शब्दांत फार थोड्या वेळा सांगितले गेले. विजयाची भाषा मात्र भरपूर वापरली गेली, आणि पुढच्या संतापाचे बी तिथेच पडले.

आता कायद्याकडे वळू. ‘टाळेबंदी’ या नावाचा कायदा आपल्याकडे नाही. मार्च २०२० मध्ये तीन जुन्या-नव्या तरतुदी एकत्र जोडून ती उभी केली गेली. पहिली तरतूद म्हणजे १८९७ चा साथरोग कायदा. मुंबईत प्लेग पसरला असताना ब्रिटिश सरकारने केलेला हा कायदा जेमतेम काही कलमांचा आहे. राज्याला योग्य वाटतील ती तात्पुरती बंधने घालण्याचा अधिकार तो देतो. बंधने सोसणाऱ्या नागरिकाला बदल्यात काय मिळावे, याविषयी त्यात जवळजवळ काहीच नाही. दुसरी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ ची. या कलमाखाली जिल्हा दंडाधिकारी तेव्हा जमावबंदीचा आदेश काढत, आणि दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांचे असे आदेश गोवेकरांनी दोन वर्षांत कितीदा वाचले त्याची गणती नाही. आदेश मोडल्यास भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली गुन्हा नोंदवता येई. तिसरी आणि सर्वांत प्रभावी तरतूद म्हणजे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. भूकंप, पूर, वादळ डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या या कायद्याने देशाची सूत्रे केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आणि राज्याची सूत्रे मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील राज्य कार्यकारी समितीकडे गेली. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांना सैल करता येत नसत, पण अधिक कडक करता येत असत. गोव्याने मार्चमध्ये नेमके तेच केले.

या रचनेमुळे एक गोष्ट सहज घडली, ती म्हणजे विधानसभा बाजूला पडली. निर्णय आदेशाने होत, आदेश रात्री उशिरा निघत, आणि लोकांना तो आधी व्हॉट्सअॅपवरच्या अस्पष्ट छायाचित्रातून आणि मग दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळत असे. इंग्रजीतला तो आदेश शेजारच्या शिकलेल्या मुलाकडून समजून घेतल्यावरही ‘माझे केशकर्तनालय यात बसते का?’ याचे उत्तर हाती लागत नसे. प्रत्येक ठाण्यातला शिपाई त्याचा अर्थ आपापल्या परीने लावी. जमावबंदीचा आणखी एक परिणाम झाला. ७ एप्रिल २०२० रोजी, सगळे घरात कोंडलेले असताना, मोले अभयारण्यातून जाणाऱ्या प्रकल्पाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दूरदृश्य बैठकीत हिरवा कंदील दाखवला. जंगलातून रेल्वेचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि उच्चदाबाची वीजवाहिनी असे तीन प्रकल्प तिथे एकाच वेळी आल्यामुळे गोव्यात तीव्र विरोध होता. एरवी अशा निर्णयावर पणजीच्या आझाद मैदानात लोक जमले असते. चारहून अधिक माणसांनी एकत्र येऊ नये, हा नियम आरोग्यासाठी योग्य असेलही. पण आपल्याला घरात बसवून सरकारने मोठे निर्णय मात्र थांबवले नाहीत, हा ठपका लोकांच्या मनातून पुसला गेला नाही आणि टाळेबंदीविषयीच्या अविश्वासाला त्याने पुष्कळ खतपाणी घातले.

गोव्याच्या पोटाचा प्रश्न वेगळा समजून घेतला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि त्या वर्षीच्या मार्चच्या मध्यापासून लोहखनिजाचे उत्खनन थांबले. डिचोली, सत्तरी, सांगे आणि धारबांदोडा या तालुक्यांतले ट्रकमालक, बार्जवाले, गॅरेजवाले, चहाचे गाडे लावणारे अशा सगळ्यांची घडी दोन वर्षे आधीच विस्कटली होती. ट्रक विकून अनेकांनी टॅक्सी घेतली, पर्यटनाकडे मोर्चा वळवला, आणि तेच पर्यटन मार्च २०२० मध्ये एका दिवसात बंद पडले. पंधरा लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या या राज्यात २०१९ साली सुमारे ऐंशी लाख पर्यटक आले होते. त्यांच्यावर हॉटेलेच नव्हेत, तर मोटारसायकलवर प्रवासी नेणारे पायलट, किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलात, म्हणजे शॅकमध्ये, मासे तळणारी बाई, कपडे धुणारे, फेणी विकणारे आणि बागा-कळंगुटला भाजी पोचवणारा पेडण्याचा शेतकरी असे सगळे जगत होते. शॅकचा हंगाम मेअखेरीस संपतो आणि मासेमारी १ जूनपासून दोन महिने बंद असते, त्यामुळे मार्च ते मे हा पावसाळ्याची बेगमी करण्याचा काळ असतो. नेमका तोच हातचा गेला. सरकारी नोकरीत असलेल्या शेजाऱ्याचा पगार महिन्याच्या महिन्याला जमा होत होता आणि पायलटाचे खाते रिकामे होते; एकाच वाड्यावर, एकाच आदेशाखाली. टाळेबंदी सर्वांना सारखी लागू असते, हे फक्त कागदावर खरे आहे.

परराज्यांतून आलेल्या मजुरांची अवस्था याहून बिकट होती. मे महिन्यात थिवी, करमळी, मडगाव येथून श्रमिक गाड्या सुटल्या. त्याआधी दीड महिना हजारो माणसे पत्र्याच्या खोल्यांत बसून होती. आणि ज्यांच्या पैशांवर गोव्यातील कित्येक घरे उभी आहेत ते आमचे खलाशी, म्हणजे ‘तारवटी’, जगभरच्या क्रूझ जहाजांवर अडकले होते. एप्रिलमध्ये काही जहाजे मुंबईच्या समुद्रात येऊन उभी राहिली, किनारा नजरेच्या टप्प्यात होता आणि उतरायला परवानगी नव्हती. सासष्टी आणि मुरगाव तालुक्यांतली त्यांची कुटुंबे सरकारवर सर्वांत आधी उघडपणे रागावली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा प्रश्न सीमेचा. गोव्याची भाजी बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने येते, दूध मोठ्या प्रमाणात कोल्हापूर आणि बेळगावकडून येते, आणि माणसे सिंधुदुर्गातून. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी, शिरोडा या भागांतले हजारो तरुण डिचोली, पेडणे आणि बार्देशमधील कारखान्यांत, दुकानांत, हॉटेलांत रोज ये-जा करतात. आजारी माणसाला घेऊन तिकडचे लोक वर्षानुवर्षे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडेच धाव घेतात. लग्ने अलीकडची-पलीकडची, कुलदेवता इकडची तर माहेर तिकडचे. दोडामार्गच्या बाजारपेठेत उभे राहिले तर गोव्याची हद्द चालत गाठता येते. या सलग वस्तीतून मार्च २०२० मध्ये एक रेघ ओढली गेली. पत्रादेवी, दोडामार्ग, केरी, मोले, पोळे येथे तपासणी नाके उभे राहिले. पुढे आत येणाऱ्याला चाचणीसाठी दोन हजार रुपये मोजावे लागू लागले. महिना बारा हजार कमावणाऱ्या मुलाने दर फेरीला दोन हजार कुठून आणायचे?

माझा मावसभाऊ दोडामार्गजवळच्या गावात राहतो आणि डिचोलीतल्या एका कारखान्यात कामाला येतो. कारखाना सुरू झाल्यावर मालकाने कामगारांना सांगितले की, आत राहणार असाल तर या, रोज घरी जाऊन परत येता येणार नाही. तो अडीच महिने कारखान्याच्या गोदामात झोपला. घर तिथून तासाभराच्या अंतरावर होते. एका रविवारी त्याची बायको चार वर्षांच्या मुलीला घेऊन नाक्याच्या पलीकडे उभी राहिली आणि तो अलीकडे. मध्ये पत्र्याचे दोन अडथळे, एक चुन्याची रेघ आणि खुर्चीवर बसलेला हवालदार. डब्यात घावणे होते. हवालदाराने तो डबा स्वतः उचलून रेघेच्या अलीकडे आणून ठेवला आणि पाठ फिरवून उभा राहिला, त्या तिघांना जेवढे बोलायचे तेवढे बोलू दिले. त्या हवालदाराबद्दल मावसभाऊ आजही आदराने बोलतो. त्याचा राग नियमावर आहे, माणसावर नाही. ‘रोगाला रेघ कळत नाही, मग ती आम्हालाच का?’ या त्याच्या प्रश्नाला साथीच्या शास्त्रात खरोखर उत्तर आहे. दोन भागांतली ये-जा थांबवण्याचा उपयोग एका भागात रोग आहे आणि दुसऱ्यात नाही, तोवरच जास्त असतो. दोन्हीकडे तो पसरला की सीमा बंद ठेवून मिळणारा फायदा झपाट्याने घटतो. जुलै-ऑगस्टपर्यंत गोव्यात स्थानिक संसर्ग सर्वदूर पोचला होता. तरी सीमेवरची बंधने उठली ती १ सप्टेंबरला, केंद्राने २९ ऑगस्टच्या सूचनांत आंतरराज्य वाहतुकीवर बंधने नकोत आणि प्रतिबंधित क्षेत्राबाहेर केंद्राशी सल्लामसलत केल्याशिवाय टाळेबंदी नको, असे बजावल्यानंतर.

मग आले २०२१. २०२० चा राग पूर्ण उलट दिशेला वळला तो या वर्षी, म्हणून त्याचा क्रम नीट पाहायला हवा. २० मार्चला पणजी महापालिका आणि काही पालिकांचे मतदान झाले. मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे आणि सांगे या पाच पालिकांचा प्रश्न आरक्षणावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्यांचे मतदान २३ एप्रिलला घेण्यात आले. तोपर्यंत महाराष्ट्रात निर्बंध लागले होते, दिल्लीत टाळेबंदी होती, आणि तिकडून सुटका म्हणून लोक गोव्यात येत होते. किनारे भरलेले, कॅसिनो चालू, प्रचारसभा चालू. २० एप्रिलच्या भाषणात पंतप्रधानांनी टाळेबंदी हा राज्यांनी शेवटचा उपाय मानावा असे सांगितले होते. आदल्या वर्षी मोडलेले धंदे कसेबसे उभे राहत होते. आणि पर्यटन पुन्हा बंद करण्याचे धैर्य सरकारला होत नव्हते. या अडचणी खऱ्या होत्या. परंतु त्या महिन्यात एक आकडा रोज ओरडून सांगत होता, आणि तो होता चाचण्यांतील बाधितांच्या प्रमाणाचा.

हे प्रमाण काय सांगते? शंभर जणांची चाचणी केली आणि पाच जण बाधित निघाले, तर आपले जाळे पुरेसे मोठे आहे, बहुतेक रुग्ण आपल्याला सापडत आहेत असे मानता येते. शंभरांत पन्नास निघाले, तर त्याचा अर्थ केवळ ‘रोग वाढला’ एवढाच नसतो. जे आधीच आजारी पडून आले तेवढ्यांचीच चाचणी होत आहे आणि बाहेर न मोजलेले रुग्ण मोठ्या संख्येने फिरत आहेत, असा तो इशारा असतो. केंद्राने एप्रिलअखेरीस दहा टक्के ही मर्यादा धरून, त्यापलीकडे गेलेल्या भागांत कडक निर्बंधांचा विचार करा असे राज्यांना कळवले होते. गोव्यात मेच्या पहिल्या दिवसांत हे प्रमाण पन्नास टक्क्यांवर गेले. चाचणी केलेला दर दुसरा माणूस बाधित होता.

२९ एप्रिलच्या संध्याकाळपासून ३ मेच्या सकाळपर्यंत टाळेबंदी लागली. साडेतीन दिवस! वर सांगितलेले गणित आठवा: लागण ते लक्षणे हेच पाच दिवसांचे अंतर आहे. साडेतीन दिवसांत साखळी मोडत नाही. ३ मेनंतर सरकारने पूर्ण टाळेबंदी पुढे चालवली नाही, काही निर्बंध ठेवले, आणि तेव्हा किनारपट्टीपासून आतल्या तालुक्यांपर्यंत अनेक पंचायती आणि पालिकांनी आपापल्या हद्दीत स्वतःच बंद जाहीर केला. आदल्या वर्षी ज्यांनी अर्ध्या शटरखालून सामान विकले, त्याच व्यापाऱ्यांनी या वेळी एकमेकांना फोन करून दुकाने बंद केली. निर्बंधांना विरोध करणारी जनता असे वागत नसते. ९ मेपासून अखेर राज्यव्यापी संचारबंदी लागू झाली. जीवनावश्यक वस्तूंची दुकाने सकाळी सात ते दुपारी एक. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १० मेपासून राज्यात येणाऱ्यांना चाचणीचा नकारात्मक अहवाल आवश्यक केला होता. म्हणजे जे काम सरकारने करायला हवे, ते एका बाजूने गावांनी आणि दुसऱ्या बाजूने न्यायालयाने केले.

आणि याच आठवड्यात गोवा वैद्यकीय महाविद्यालयात प्राणवायूचा दाब रात्री पडू लागला. खाटांची संख्या वाढली होती, प्रत्येक खाटेला प्राणवायू लागत होता, पण मोठी साठवण टाकी नव्हती. एकत्र जोडलेल्या सिलिंडरांच्या ट्रॉल्या रिकाम्या झाल्या की बदलायच्या, आणि त्या बदलताना दाब कमी व्हायचा. अवजड ट्रॉल्या ओढण्यासाठी ट्रॅक्टर लागे. ११ मेच्या पहाटे दोन ते सहा या वेळेत सव्वीस रुग्ण दगावले. आरोग्यमंत्री विश्वजीत राणे यांनी स्वतः उच्च न्यायालयाकडून चौकशीची मागणी केली, मुख्यमंत्र्यांनी साठा पुरेसा असून तो खाटेपर्यंत पोचण्यात अडथळा असल्याचे सांगितले, आणि प्राणवायूअभावी कोणाचा जीव जाऊ नये असे न्यायालयाने सरकारला बजावल्यानंतरही पुढच्या रात्री मृत्यू होत राहिले. त्या महिन्यातच वीस हजार लिटरची टाकी बसवली गेली. ती आदल्या वर्षभरात का बसली नाही, हा प्रश्न टाळेबंदीच्या चर्चेशी थेट जोडलेला आहे. टाळेबंदी रोग बरा करत नाही, ती वेळ विकत घेते. २०२० मध्ये पायलटाने, पोदेराने, दोडामार्गच्या कामगाराने आपल्या कमाईतून ती वेळ विकत घेऊन सरकारच्या हातात दिली होती. तिचे काय झाले, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. ११ मेच्या पहाटे गेलेल्या माणसांपैकी बहुतेकांना लागण झाली असेल ती एप्रिलच्या शेवटच्या पंधरवड्यात, म्हणजे प्रचार, मतदान आणि पर्यटन चालू असताना. हे एकदा लक्षात आले की लोकांच्या रागाला ‘बेशिस्त’ म्हणणे जड जाते.

भरपाईचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. कोविडने मृत्यू झालेल्या, वर्षाला आठ लाखांहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दोन लाख रुपये देण्याची योजना राज्याने २०२१ मध्ये आणली. तेव्हा राज्यातील एकूण बळींनी तीन हजारांचा टप्पा गाठत आणला होता. मात्र घरी बसवलेल्या माणसाला त्या बसण्याचा मोबदला द्यावा, आणि तो आदेशासोबतच जाहीर व्हावा, ही कल्पना दोन्ही वर्षी रुजली नाही. साथ आवरण्याच्या दृष्टीनेही ती उपयोगाची असते. ज्याच्या घरात पंधरा दिवसांचे धान्य आणि हातात थोडे पैसे आहेत, तो ताप अंगावर काढून कामावर जात नाही.

मुलांच्या शिक्षणाचे हाल हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. सत्तरी, सांगे, काणकोण येथील मुले मोबाइलला रेंज मिळावी म्हणून डोंगरावर प्लास्टिक बांधून तिथे वर्ग करत होती, एवढेच इथे नोंदवतो.

मे २०२१ मध्ये लागलेली संचारबंदी मग आठवड्या-आठवड्याने वाढत गेली. ३१ मे, ७ जून, १४ जून, २१ जून, २८ जून, ५ जुलै, १२ जुलै. प्रत्येक मुदत सोमवारी सकाळी संपायची आणि वाढीची बातमी शनिवार-रविवारी यायची. रुग्ण कमी होत होते, दुकानांची वेळ दुपारी एकवरून तीनवर गेली, हळूहळू आणखी सैल झाली. पण कोणता आकडा किती खाली आला की कोणते दुकान उघडेल, याचे कोष्टक सरकारने लोकांसमोर ठेवले नाही. महाराष्ट्राने त्याच जूनमध्ये जिल्ह्यांचे पाच स्तर पाडले होते. बाधितांचे प्रमाण आणि प्राणवायूच्या भरलेल्या खाटा पाहून आपला जिल्हा कुठे आहे हे सावंतवाडीच्या माणसाला वर्तमानपत्रात पाहता येत होते. त्या स्तरांतही घोळ झाले, पण निदान नियम आधी माहीत होता. आमच्या वाड्यावरचा भुसारी दुकानदार दर रविवारी रात्री मला फोन करून विचारायचा, ‘बाब, फाल्यां कितें?’ म्हणजे, उद्या काय? कांदे नाशवंत नसले तरी पाव आणि दही नाशवंत असते, सोमवारचा माल मागवायचा की नाही हे त्याला रात्री नऊपर्यंत ठरवावे लागे. मी बातम्या चाळायचो, कोणाकडून आलेला आदेश त्याला पुढे पाठवायचो, आणि तो कधी खरा निघायचा तर कधी आदल्या आठवड्याचा.